जर्मनीची मुलगी घरात रुळत नाही, आमचं काय चुकतंय?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून जवळच्या वाडीत तुमचं घर. संस्थेमार्फत १९ वर्षांची जर्मन मुलगी सहा महिने तुमच्याकडे राहायला आली आहे आणि गावातल्या शाळेत मदत करते. येऊन तीन आठवडे झाले. शाळेतून आली की खोलीचं दार लावून बसते. जेवताना अर्धी भाकरी, दोन घास भात, की झालं तिचं. सासूबाईंना वाटतं तिला आपलं घर आवडलेलं नाही. यजमान म्हणतात, संस्थेला कळवू आणि दुसरं घर बघायला सांगू. त्यात गणपती महिन्यावर आलेत, मुंबईची मंडळी येणार, तेव्हा तिची खोली लागणार. आणि तुम्ही विचारताय की आमचं काय चुकतंय.

दापोलीपासून रत्नागिरीपर्यंतच्या पट्ट्यात परदेशी स्वयंसेवकांसाठी घरं शोधायची आणि नंतर दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं, हे काम मी बरीच वर्षं करते. आमच्या स्वतःच्या घरीही अशा मुली राहून गेल्या आहेत. तुम्ही लिहिलंय तसं मला नेहमी ऐकायला मिळतं, आणि बहुतेक वेळा त्यात ना मुलीचा माज असतो, ना घरच्यांची कसूर. तुम्ही तिला पाहुणी म्हणून ठेवलंय, मनापासून ठेवलंय. पण सहा महिने कुणालाच पाहुणं म्हणून राहता येत नाही. आपल्या घरातल्या ज्या गोष्टी आपल्याला न बोलता कळतात त्या तिला कुणी सांगितलेल्या नाहीत, आणि ती ज्या गोष्टी गृहीत धरून चालते त्या तुम्हाला ठाऊक नाहीत. त्या आता तोंडाने बोलाव्या लागतील. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर उभं आहे.

मात्र मी तुमचं घर पाहिलेलं नाही आणि त्या मुलीशी बोललेले नाही. काही मुली मुळातच अबोल असतात, त्या स्वतःच्या घरीही पुस्तक घेऊन खोलीत बसत असतील. म्हणून स्वभावावर जाण्याआधी पोट, झोप आणि शाळा या तीन गोष्टी बघून घ्या. पहिल्या महिन्यात पोट बिघडणं अगदी नेहमीचं, आणि या मुली ते लाजेपोटी सांगत नाहीत. संडास परसात असेल तर रात्री कोण किती वेळा उठलं हे सगळ्या घराला कळतं, याचाच त्यांना संकोच वाटतो. तिच्यासाठी पाणी उकळत असाल तर ते उकळताना तिला एकदा दाखवा. हंड्यातलं पाणी उकळलेलं आहे की नळाचं, हे नुसतं बघून कळत नाही, आणि शंका असली की ती पाणीच कमी पिते. झोपेचंही तसंच. पत्र्यावर रात्रभर पाऊस, पहाटे जागं झालेलं घर आणि हाताला ओली लागणारी गादी. गादी आठवड्यातून एकदा चुलीजवळ किंवा शेगडीच्या उबेला ठेवा. पावसाळ्यात तिच्या कपड्यांना बुरशी येईल, चामड्याच्या बुटांना तर नक्कीच. हे सगळ्यांच्याच घरी होतं, तुझी काही चूक नाही, एवढं तिला सांगा.

शाळेकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. तिथे तिला नक्की काम काय आहे? बऱ्याचदा मुख्याध्यापकांनी मोठ्या मनाने 'या' म्हटलेलं असतं, पण वेळापत्रकात तिचा तास कुठेच नसतो. मग ती ऑफिसातल्या खुर्चीवर बसते, चहा येतो, मुलं खिडकीतून डोकावतात, आणि दुपारी ती घरी येते ती आपण इथे कशाला आलो असा विचार करतच. अशी मुलगी घरी येऊन दार लावणारच. तसं असेल तर तुम्ही घरात कितीही केलंत तरी फरक पडायचा नाही. संस्थेच्या माणसाला बरोबर घेऊन शाळेत जा आणि तिसरी-चौथीचे आठवड्यातले ठरावीक तास तिच्यासाठी मागून घ्या. तास ठरले की बरंचसं आपोआप सुटतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

आता दाराबद्दल. आपल्याकडे दिवसाढवळ्या कुणी दार लावून बसलं की माणूस आजारी आहे, रुसलाय किंवा भांडण झालंय असंच समजतात. सासूबाईंनी लावलेला अर्थ आपल्या घरात बरोबरच आहे. जर्मनीत बहुतेक मुलांना शाळकरी वयापासून स्वतःची खोली असते आणि आई-वडीलसुद्धा दारावर टकटक करून आत जातात. दार लावणं तिकडे रोजचं आहे, त्यात राग नसतो. त्यात दिवसभर परक्या भाषेत कान लावून राहिल्याने डोकं शिणतं. आपल्यापैकी कुणी महिनाभर तिकडे राहून आलं असेल तर त्याला विचारा, संध्याकाळी एक वाक्यही नवं ऐकवत नाही.

म्हणून वेळ ठरवा. दुपारी दोन ते चार ही तिची. दार बंद, कुणी हाक मारायची नाही, पोरांनीही नाही. चारला चहा, तो मात्र ओटीवर, सगळ्यांबरोबर. हे तिला सांगताना सासूबाईंच्या देखत सांगा, म्हणजे दोघींनाही कळेल की दार लावणं मान्य आहे आणि चहाला येणं अपेक्षित आहे. एकांत हक्काने मिळणार अशी खात्री झाली की तो ओरबाडून घ्यावा लागत नाही, आणि दार ठरलेल्या वेळेपेक्षाही जास्त उघडं राहू लागतं. खोलीला आतून कडी आहे ना, हेही बघा. पडद्यावर भागत नाही.

रात्रीचं दार वेगळं. सध्या जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. तिचे आई-वडील कामावरून संध्याकाळी सहाच्या सुमारास घरी येत असतील तर आपल्याकडे साडेनऊ झालेले असतात, म्हणजे नेमकी तुमची पानं वाढायची वेळ. ती खोलीत फोनची वाट बघत असते आणि तुम्ही भात निवतोय म्हणून दाराकडे बघत असता. विचारा तिला. फोन कधी येतो ते कळलं की जेवण आठला घेता येईल किंवा फोन पुढे-मागे करता येईल. ऑक्टोबरच्या शेवटी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो, तेव्हा परत ठरवावं लागेल.

जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त मनं तिथेच दुखावतात. तुम्ही तिखट कमी केलंत, तिच्यासाठी नूडल्स आणलेत, ब्रेड आणलात, तरी ती खात नाही. तिखट हा यातला लहान भाग आहे. एक दिवस तिच्या ताटाकडे नीट लक्ष द्या. ताटात घेतलेलं संपवायचं, टाकायचं नाही, ही शिस्त जर्मन घरांतून लहानपणीच लागते. आणि आपल्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढणाऱ्याचा हात पुढे येतो. ती संपवते, तुम्ही वाढता. ती पुन्हा संपवते, तुम्ही पुन्हा वाढता. चार दिवस पोटाला तडस लागली की तिला एकच उपाय सुचतो: मुळातच कमी घ्यायचं, सावकाश चघळत बसायचं आणि ताट रिकामं दिसूच द्यायचं नाही. तुम्हाला दिसणारी अर्धी भाकरी अशी आलेली असू शकते.

पालशेतच्या बाजूच्या एका घरात मी अशाच एका मुलीशेजारी जेवायला बसले होते. तिने ताटातली शेवटची शितं बोटाने गोळा केली आणि तेवढ्यात आजीने मागून येऊन डावभर भात घातला. मुलीने ताटावर आडवा हात धरला. आजीने हसत हसत बोटांच्या फटीतून आमटी ओतली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं समजून आजी लगबगीने ताक घेऊन आली. आजीची माया शंभर टक्के खरी होती आणि मुलीची अडचणही. त्या घरात आम्ही एवढंच बदललं: भात, भाकरी, आमटी मधे ठेवायची आणि तिने आपल्या हाताने घ्यायचं. आजीला ते फार जड गेलं, न वाढता समोर बसणं म्हणजे तिला आपण उपाशी ठेवतोय असं वाटायचं. पण थोड्या दिवसांत मुलगी स्वतःहून दुसरी भाकरी घ्यायला लागली आणि आजीचा जीव भांड्यात पडला.

वेळेचाही प्रश्न असतो. तिकडे बऱ्याच घरांत गरम जेवण दुपारी होतं आणि संध्याकाळी सहा-सातला पाव, चीज, काकडी असं थंड खाणं. तुमची मुलगी बहुधा सातला भुकेलेली असते आणि साडेनऊला तिची भूक मेलेली असते. संध्याकाळी पोटाला आधार होईल असं काहीतरी द्या: घावणे, उकडलेलं अंडं, केळं, भाजलेले शेंगदाणे. सकाळची पेज या मुलींना बहुतेक आवडते. सोलकढी कुणाला फार आवडते तर कुणाला एक घोटही जात नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मासे शिजवणार असाल तर काट्यांची सवय नसलेल्यांना बांगडा कठीण जातो, त्यातला मधला तुकडा द्या आणि काटा कसा काढायचा ते शेजारी बसून दाखवा. सध्या तर मासेमारी बंदीच्या दिवसांमुळे ताजी मासळी नव्हती आणि पुढे श्रावण, म्हणजे खाण्यात तोचतोचपणा आलाच. टाकळा, फोडशी, भारंगी आणायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या. स्वतः खुडून आणलेली भाजी माणूस निदान चाखून तरी बघतो. ती मांस-मासे खाते का, दूध-तूप चालतं का, हेही सरळ विचारा. तिच्या वयाच्या मुलांत दूधसुद्धा न घेणारी आहेत, आणि आपण मात्र वरणावर तुपाची धार सोडून मोकळे होतो.

नूडल्स आणि ब्रेड हळूहळू बंद करा. तिचं वेगळं शिजतंय हे तिला रोज दिसतं, आणि त्याचं तिला ओझं होतं.

आणि तिला पुरुषांच्या पंगतीत एकटीला बसवत असाल तर तेही थांबवा. मानाने पहिल्या पंगतीत बसवायचं, दोघींनी वाढायला उभं राहायचं, पोरांनी दारातून बघायचं, अशा जेवणात कुणाच्या घशाखाली घास उतरेल? तुम्ही आणि सासूबाई मागून स्वयंपाकघरात बसता ना, तिथे तिचा पाट मांडा. खऱ्या गप्पा तिथेच होतात.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांच्या हंगामात घरोघरी पर्यटक उतरतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम तिथे उभं केलं आणि गावातल्या घरांनी पाहुणचाराची बाजू उत्तम सांभाळली. दोन दिवसांच्या पाहुण्याला सगळं हातात देणं शोभतं. तुमच्या घरी आलेली मुलगी सहा महिने सगळं हातात घेत राहिली तर तिला आपण फुकटचे खातोय असं वाटायला लागतं. म्हणून घरातलं एक काम तिचं म्हणून द्या. काम खरं हवं, तिने केलं नाही तर अडेल असं. फोटोपुरतं जात्यावर बसवणं नको, आणि घरच्या बायकांना नकोशी धुणी-भांडी तिच्या गळ्यात घालणंही नको. संध्याकाळी कोंबड्या मोजून खुराड्यात घालणं, सकाळी परडी घेऊन देवासाठी फुलं काढणं, पोरांचा अभ्यास घेणं, नारळ सोलून खवणं, असं काहीही चालेल. पहिले काही दिवस तिला वेळ लागेल, जास्वंदीबरोबर कळ्याही तोडून आणेल. तिच्या हातातून काम काढून घेऊ नका. कामाची वेळ झाली की ती आपोआप खोलीबाहेर येते, आणि बाहेर यायला तिला काहीतरी निमित्त हवंच असतं.

काम निवडताना सासूबाईंच्या हातातलं निवडा, असा माझा आग्रह आहे. तुमच्या पत्रावरून दिसतं की इंग्रजी तुमच्या मुलाला येतं आणि सगळं बोलणं त्याच्यामार्फत चालतं. त्यामुळे बारा वर्षांचा पोरगा दमतो आणि सासूबाई बाजूला पडतात. दोघींना शेजारी बसून आठळ्या सोलायला लावा किंवा तांदूळ निवडायला द्या. भाषा लागत नाही. हात चालू असले की न बोलता बसणंही अवघड वाटत नाही, आणि हळूहळू हे काय, ते काय, असं सुरू होतं. सासूबाईंनी फक्त सावकाश बोलावं. मोठ्याने बोललं म्हणून जास्त कळत नाही, उलट ती ओरडतायत असं वाटतं.

एक नाजूक विषय तुम्ही लिहिला नाहीत, पण तो येणारच. पाळीच्या दिवसांत तुमच्या घरात देवघराकडे, स्वयंपाकघरात जायचं की नाही, हे तिला आधी माहीत असायला हवं. नाहीतर एखाद्या दिवशी ती सहज पाण्याचा तांब्या उचलेल, कुणाचा तरी चेहरा बदलेल, आणि आपण काय केलं हे तिला कळणारही नाही. आधी घरात ठरवा. मला विचाराल तर तिला कुठलंच बंधन घालू नका, ती तुमच्या परंपरेत वाढलेली नाही. पण सासूबाईंना देवघरापुरतं तरी पाळायचंच असेल तर तुम्ही, एका बाईने, एकांतात तिला सांगा की आमच्या घरात अशी रीत आहे, त्या दिवसांत फुलं मी काढेन. कुणी विचारणार नाही, कुणी तपासणार नाही, असंही सांगा. तिला ते पटणार नाही कदाचित, आणि तिने तसं म्हटलं तर ऐकून घ्या. मात्र तिला वेगळं बसवणं हे कुठल्याही परिस्थितीत नको.

जिवाच्या बाबतीतले नियम मात्र सरळ आणि ठामपणे सांगा, तिथे भीड नको. पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नाही, गुडघाभर पाण्यातही नाही. तलावात आणि पोहण्याच्या टाकीत उत्तम पोहणाऱ्या मुलीला वाटतं आपल्याला येतं पोहायला. आपल्या किनाऱ्याला या दिवसांत पाणी पाय ओढून नेतं हे तिला कोळीवाड्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडून ऐकवा, ते जास्त पटतं. अंधारात बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही. फुरसं पानांत दिसत नाही आणि मण्यार रात्री घरात शिरते, म्हणून जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. बूट झटकून घालायचे. शेतातल्या चिखलात अनवाणी जायचं नाही, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. लेप्टोचा ताप या दिवसांत होतो, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. साप चावला तर मांत्रिक, चिरा, दोरी यातलं काही न करता १०८ ला फोन आणि सरकारी रुग्णालय. तिच्या आई-वडिलांनी विंचवाबद्दल कुठेतरी वाचून धसका घेतला असेल, तसं बऱ्याचदा होतं. त्यांना जरूर सांगा की विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचं काम आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलं आणि ते जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं.

असे नियम आणि 'लोक काय म्हणतील'चे नियम एकत्र करू नका. संध्याकाळी एकटीने पुळणीवर फिरू नको, असं तुम्ही म्हणालात तर ती विचारेल, का? दिवेलागणीनंतर वाट निर्जन आहे हे कारण असेल तर तसं सांगा. वाडीत चर्चा होते हे कारण असेल तर तेही तसंच सांगा, आणि मग तिलाही थोडं ठरवू द्या. खोटं कारण दिलं की दुसऱ्या वेळी ती समुद्राबद्दलचं खरं सांगणंही हलक्यात घेईल, ही माझी खरी भीती आहे. तुमच्या बाजूनेही एक पाळा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवायला तिला बाहेर बोलावू नका, आणि विचारल्याशिवाय तिच्याबरोबर फोटो काढू देऊ नका. तिनेही शाळेतल्या मुलांचे फोटो पालकांना न विचारता कुठे टाकू नयेत, हेही याच बोलण्यात सांगून टाका.

कागदपत्रांचं एका परिच्छेदात उरकते. परदेशी नागरिक घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची नोंद ऑनलाइन करावी लागते, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात. घरमालक म्हणून ती जबाबदारी तुमची आहे, त्यामुळे संस्थेने केली असेल असं धरून न चालता पावती मागून घ्या. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणीही लागते, आपल्या जिल्ह्यात ते काम रत्नागिरीला पोलीस अधीक्षक कार्यालयात होतं. पर्यटक व्हिसावर सहा महिने शाळेत काम चालत नाही, तेवढं तपासा. पैशांचं बोलणं फक्त संस्थेशी करा. तिच्याकडे उसने मागू नका, कुणा नातेवाइकालाही मागू देऊ नका.

गणपतीचं मात्र आजच सुरू करा. चाकरमानी यायच्या आदल्या रात्री तिची बॅग माजघरात ठेवलेली तिला दिसली तर इतके दिवस केलेलं सगळं पाण्यात जाईल. तिला आत्ताच सांगा की सणाला घरात वीस-पंचवीस माणसं असतील, खोली लागेल, हे दिवस असे असे आहेत. मग तिला निवडू द्या: मुंबईच्या मुलींबरोबर माजघरात झोपणं, तिची खाट आणि मच्छरदाणी तिथे लावून, किंवा दोन-तीन रात्री दुसऱ्या एखाद्या स्वयंसेविकेकडे जाऊन येणं. माझ्या अनुभवात बहुतेक मुली घरीच थांबतात आणि आरत्या, फुगड्या, मोदकांच्या कळ्या यांत रमतात. परक्या घरात आपलं स्थान काय, याचा उलगडा बऱ्याच जणींना याच दिवसांत होतो. पण गर्दीत तिला एक कोपरा लागेल. मांगरात किंवा मागच्या पडवीत एक खुर्ची तिच्यासाठी ठेवा आणि मुंबईच्या मंडळींना फोनवरच बजावा की तिला घेरून प्रश्न विचारू नका. आणि तिला दिलेलं काम या गर्दीत दुसऱ्या कुणाला देऊ नका.

तीन आठवड्यांत रुळली नाही याचं तुम्हाला वाईट वाटतंय, पण हा काळच असा असतो. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ साली, अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांच्या अनुभवांवरून लिहिलं होतं की परक्या जागी सुरुवात उत्साहाची असते, मग माणूस खाली जातो आणि नंतर सावरतो. १९६० मध्ये मानववंशशास्त्रज्ञ कॅलर्वो ओबर्ग यांनीही असेच टप्पे मांडले. पुढच्या अभ्यासकांनी सगळ्यांचं तसं होत नाही हेही दाखवलं, आणि मीही पहिल्याच आठवड्यात रडून मग एकदम स्थिरावलेल्या मुली पाहिल्या आहेत. तेव्हा तारखा धरून बसू नका. फक्त दिशा बघा. चहाला येते का, एखादी गोष्ट आपणहून मागते का, कधी नाही म्हणते का. तिने तुम्हाला तोंडावर 'नको' म्हणणं हे चांगलं लक्षण आहे, याचा अर्थ तिची भीड चेपली. उलट झोप उडालेली असेल, शाळेत जाणं टाळत असेल, वजन उतरत असेल, रडत असेल, तर मात्र वाट बघू नका.

यजमान म्हणतात तसं संस्थेला कळवायचं का? कळवा, पण तिला सांगून, आणि तिच्यावरची तक्रार म्हणून नको. जर्मन सरकारच्या मदतीने २००८ पासून चालणाऱ्या वेल्टवेर्ट्ससारख्या कार्यक्रमात १८ ते २८ वयाची मुलं येतात आणि प्रत्येकाला इथे एक मेंटर, म्हणजे अडीअडचणीला सल्ला देणारा माणूस, दिलेला असतो, कामाच्या जागेपेक्षा वेगळा. तिचा मेंटर कोण हे विचारून घ्या आणि या रविवारी चहाच्या वेळी त्यांना घरी बोलवा. आधी तिला बोलू द्या, मधे उत्तर देऊ नका. मग तुमचं सांगा, सासूबाईंचंही. दार, जेवणाची वेळ, वाढणं, फोन, तिचं काम आणि गणपतीतली खोली, एवढं त्या बैठकीत ठरलं तरी पुष्कळ. गणपती झाल्यावरही दोन्ही बाजूंना जडच जात असेल तर घर बदला. त्यात तुमची नाचक्की नाही आणि तिचीही नाही, कधी कधी लहान पोरं नसलेलं शांत घर एखाद्या मुलीला जास्त मानवतं. आणि शाळेत तिला नक्की किती तास मिळतात ते विचारून मला कळवा. तिथेच गाडं अडलं असेल तर मुख्याध्यापकांशी काय बोलायचं ते मी पुढे लिहीन.